चढाचा हिशेब, उताराची वसुली

आमच्या नातेपुत्याहून पश्चिमेकडे वीसेक किलोमीटरवर शिखर शिंगणापूर आहे. चैत्रातल्या यात्रेला कावडी चढतात त्या कोथळ्याच्या बाजूने, मुंगी घाटाने. नाव घाट असले तरी ही सडक नव्हे, डोंगराची जवळजवळ उभी धार आहे. भाविक मानवी साखळी करून अवजड कावड हातोहात वर नेतात. ज्यांना ते जमत नाही ते मोटाररस्त्याने वळणे घेत वर जातात. नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना मी दरवर्षी वर्गात एक प्रश्न टाकतो : मुंगी घाटाने चढलेल्या माणसाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जास्त कार्य केले, की मोटाररस्त्याने चालत गेलेल्याने?

बहुतेक हात मुंगी घाटाच्या बाजूने वर होतात. पाठ्यपुस्तकातले सूत्र मात्र वेगळे सांगते. गुरुत्वाविरुद्धचे कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. यात रस्त्याच्या लांबीला जागाच नाही. दोघांचे वजन सारखे आणि पायथा-माथा सारखा असेल, तर दोघांचे हे कार्यही सारखे. फरक पडतो तो बळात. उभ्या धारेवर थोड्या अंतरात पुष्कळ जोर लावावा लागतो, वळणाच्या रस्त्यावर पुष्कळ अंतरात थोडा. मुले हे वहीत उतरवून घेतात, पण पटते असे वाटत नाही. मला स्वतःलाही ते खऱ्या अर्थाने पटले ते काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुटीत. मी आणि आमच्या शाळेतले भूगोलाचे सर, असे दोघे मोटारसायकलवरून चार दिवसांच्या घाटफेरीला गेलो होतो तेव्हा.

बेत साधा होता. फलटण, लोणंद, खंडाळ्यावरून खंबाटकी घाट ओलांडून वाई. पसरणीच्या घाटाने पाचगणी, महाबळेश्वर. आंबेनळीने कोकणात पोलादपूर. तिथून महाड आणि वरंध घाटाने परत देशावर भोर, शिरवळ. गाडी शंभर सीसीची, चार स्ट्रोकची. तिचे वजन धरा ११५ किलो, आम्हा दोघांचे मिळून १३५ आणि सामान १०. एकूण २६० किलो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

बैलाने आखलेला रस्ता

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी सुमारे १२९० मीटरवर. म्हणजे ५७० मीटरची चढण. वाईहून निघाल्यावर पसरणी गावापर्यंतचे तीन-चार किलोमीटर साधारण सपाटीचे आहेत, खरा घाट उरलेल्या आठ-नऊ किलोमीटरमध्ये. (शाहीर साबळे यांचे गाव हेच पसरणी.) हिशेब केला तर शंभर मीटर पुढे गेल्यावर सरासरी सहा मीटर वर, म्हणजेच सहा टक्के चढ निघतो.

हा सहा टक्क्यांचा आकडा उगाच आलेला नाही. आपल्याकडे डोंगराळ रस्त्यांसाठी जी मानके आहेत त्यांत तीव्र उताराच्या प्रदेशातही सर्वसाधारण चढ सहा टक्के धरतात, सात ही मर्यादा, आणि अगदीच नाइलाज असेल तर थोड्या अंतरापुरता आठ. मोटारी याहून उभा रस्ता सहज चढतात, मग ही कंजुषी कशाला? याचे एक कारण मोटारीच्याही आधीचे आहे. जुने घाटरस्ते आखले गेले ते बैलगाडी आणि घोडागाडीसाठी. भरल्या गाडीला जुंपलेला बैल सहा-सात टक्के चढावर तासन्‌तास चालू शकतो, दहा-बारा टक्क्यांवर छाती भरून उभा राहतो. बैलाच्या ताकदीने चढ ठरला, चढाने लांबी ठरली, आणि तेवढी लांबी डोंगराच्या एका अंगावर बसवायची म्हणून वळणे आली. दुसरे कारण उताराचे आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

सर भूगोलाचे असल्याने त्यांच्या पिशवीत आल्प्सचा नकाशा होता. (घाटात आल्प्सचा नकाशा कशाला, हे मी त्यांना विचारले नाही. भूगोलाच्या शिक्षकांना असले प्रश्न विचारू नयेत.) इटलीच्या उत्तरेला स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे, उंची २७५७ मीटर. तिथला रस्ता ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात बांधून घेतला, अभियंत्याचे नाव कार्लो दोनेगानी. प्रातो गावाकडून चढताना त्यावर ४८ उलट वळणे आहेत, पिनेसारखी आपल्यावरच दुमडलेली. आज जगभरचे मोटारसायकलस्वार ही वळणे घ्यायला तिथे जातात. त्या बाजूची चढण सुमारे १८०० मीटर, रस्ता २५ किलोमीटरच्या आसपास. भागाकार करून पाहा : सात-साडेसात टक्के! घाट कुठला, देश कुठला, पण घोडा आणि बैल यांच्या छातीचा दम साधारण सारखाच, म्हणून उत्तरही जवळजवळ सारखेच आले.

एक गोष्ट मात्र वेगळी. इटलीत मध्य भागात डोंगरमाथ्यावर वसलेली जुनी गावे पुष्कळ. त्यांच्यामागे शत्रूपासून बचाव हे कारण होते, आणि सखल दलदलीतला हिवताप हेही. आपल्याकडे माथ्यावर किल्ला असतो, आणि गाव बहुधा खाली, ओढ्याकाठी. पावसाळा सरल्यावर आठ महिने पाणी कुठे मिळेल, हा प्रश्न इथे शत्रूपेक्षा मोठा होता.

फुलपात्रभर पेट्रोल

आता पसरणीच्या चढाचा खर्च काढू. २६० किलो, ५७० मीटर, गुरुत्वत्वरण ९.८. गुणाकार सुमारे साडेचौदा लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. पण इंजिन त्यातला चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचवते, बाकी उष्णता होऊन धुरात आणि हवेत जाते. म्हणजे कामाला येतात ८० लाख. साडेचौदा लाखांसाठी पेट्रोल लागले सुमारे १८० मिलिलिटर, म्हणजे एक फुलपात्रभर. सपाट रस्त्यावर तेवढ्या अंतराला जे लागले असते त्याशिवायचे हे वरचे. दोन माणसे, सामान आणि लोखंडाचे धूड कृष्णेच्या काठावरून टेबललँडच्या पायथ्याशी नेऊन ठेवायची किंमत फुलपात्रभर पेट्रोल! वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांना प्रथम खोटेच वाटले. मग त्यांनीच गणित उलटसुलट करून पाहिले.

वर चढताना गाडीचा दम थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, तो भास नव्हे. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ८५ टक्के उरतो. सिलिंडर तेवढाच, पण प्रत्येक झटक्याला आत येणारी हवा विरळ, म्हणून ऑक्सिजन कमी, म्हणून शक्ती कमी. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत आणखी एक घोटाळा होतो. हवा कमी झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, मिश्रण ‘दाट’ होते आणि गाडी काळपट धूर टाकते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींना पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. ती हवेचा दाब पाहून पेट्रोलचे माप ठरवते. स्टेल्व्हिओच्या खिंडीत तर दाब ७२ टक्क्यांवर उतरतो आणि पाणी १०० ऐवजी ९१ अंशांच्या सुमारास उकळते. महाबळेश्वरात ते साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते. तिथल्या टपरीवरचा चहा आम्ही दोघांनी विज्ञानाच्या दृष्टीने दोनदा तपासला. काही फरक जाणवला नाही.

पसरणीच्या घाटात रस्त्याने कापलेला डोंगर नीट पाहावा असा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे काळे थर एकावर एक, आणि मध्येच कुठे विटकरी रंगाचा पट्टा. असा पट्टा म्हणजे दोन लाव्हापूरांच्या मधल्या काळात हवापाण्याने झिजलेला, वरच्या तप्त लाव्हाने भाजलेला पृष्ठभाग. यावर सर एक तास बोलले. त्यांचे भाषण इथे देत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वळणावर किती कलायचे?

घाटात मोटारसायकल शिकवते ते दुसरे सूत्र वर्तुळाकार गतीचे. वळताना गाडी आतल्या बाजूला कलवावी लागते. किती, हे ठरते वेगाच्या वर्गाला वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांनी भागून. येणारा आकडा म्हणजे कलण्याच्या कोनाचा टॅन्जन्ट. उलट वळणाची त्रिज्या १५ मीटर धरू. ताशी २० किलोमीटर वेगाने गेल्यास कोन निघतो १२ अंश, सहज पेलणारा. वेग दुप्पट करा, ताशी ४०. कोन दुप्पट होऊन २४ व्हावा असे वाटते, प्रत्यक्षात निघतो ४० अंश. कारण वेगाचा वर्ग होतो, दुपटीचे चौपट होते. ४० अंश कललेली गाडी न घसरता राहण्यासाठी टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण गाडीच्या वजनाच्या निदान ८४ टक्के हवे. कोरड्या, स्वच्छ डांबरावर ते जेमतेम मिळेल. ओल्या रस्त्यावर किंवा वळणाच्या आतल्या कडेला जमलेल्या बारीक खडीवर मिळणार नाही. एकदा निम्म्या वळणात गेल्यावर ब्रेक दाबला तर त्याच घर्षणातला वाटा ब्रेकही मागतो. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. हे वाक्य रस्त्याच्या कडेच्या पाटीवर कुणी वाचत नाही. हाच हिशेब फळ्यावर मांडला की अकरावीची मुले, ज्यांच्या हाती नुकतीच वडिलांची गाडी आलेली असते, गप्प होऊन ऐकतात.

उतार

तिसऱ्या दिवशी सकाळी महाबळेश्वर सोडले. तिथून प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत एक उतार आणि पुढे पोलादपूरपर्यंत आंबेनळी घाटाचा दुसरा. (मुंबईच्या फिट्झजेराल्ड या गव्हर्नरचे नाव या घाटाला दिलेले होते. लोकांनी आंबेनळीच ठेवले.) सगळे मिळून सुमारे ४० किलोमीटर अंतरात १३०० मीटर खाली.

गाडी त्या दिवशी मी चालवत होतो. लहानपणापासून पाहिलेली सवय अशी, की उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि सोडून द्यायची. फुकटची धाव, पेट्रोलची बचत. मीही तेच केले. वेग वाढला की मागचा ब्रेक दाबायचा, पुन्हा सोडायचा. अर्धा घाट छान गेला. मग एका लांब तीव्र उतारावर जळक्या कापडासारखा वास आला. सर मागून म्हणाले, “काहीतरी करपतंय.” पुढच्या वळणाआधी पायाने ब्रेक दाबला तो नुसताच खाली गेला. गाडी थांबेना. पुढचा ब्रेक एकदम आवळायचे धाडस झाले नाही, कारण वळणावर खडी होती. शेवटी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. दरीच्या बाजूला वळण असते तर हा लेख कुणी दुसऱ्याने लिहिला असता. दोघांची ढोपरे फुटली, माझ्या मनगटाला आठ दिवस पट्टी होती. चाकाच्या ड्रमवर थोडे पाणी टाकले तर ते चर्र करून उडाले. (असे पाणी टाकू नये, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. आम्ही घाबरलेले होतो.)

गाडीत बिघाड नव्हता. अर्ध्या तासाने ड्रम निवला आणि ब्रेक पुन्हा पूर्वीसारखा लागू लागला. चूक हिशेबाची होती, आणि ती विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची होती. त्या अर्ध्या तासात दगडावर बसून सरांच्या वहीच्या मागच्या पानावर जो हिशेब केला, तो असा.

महाबळेश्वरावर आमच्या २६० किलोंजवळ पोलादपूरच्या तुलनेत ३३ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा जमा होती. पेट्रोल जाळून मिळवलेली ही ठेव. खाली येताना ती नाहीशी होऊ शकत नाही, कुठेतरी जायलाच हवी. कशातच गेली नाही, सगळी गतिज ऊर्जा झाली, तर पोलादपूरच्या नाक्यावर आमचा वेग ताशी ५७५ किलोमीटर असता! आणि ती सगळी उष्णता झाली, तर दहा लिटरची पाण्याने भरलेली घागर उकळली असती. चढाच्या वेळी जे कर्ज काढले, त्याची उतारावर अशी वसुली होते.

सुदैवाने पुष्कळशी वसुली टायरचे घर्षण आणि समोरची हवा करतात. ताशी ३० किलोमीटरला आमच्यासारख्या गाडीवर या दोहोंचा मिळून रोध साधारण ७० न्यूटन. तीन टक्के उतारावर गुरुत्वाची ओढ ७६ न्यूटन, म्हणजे जवळजवळ बरोबरी. म्हणूनच सौम्य उतारावर न्यूट्रल केलेली गाडी शहाण्यासारखी चालते आणि आपल्याला फसवते. आठ टक्के उतारावर ओढ होते २०४ न्यूटन. रोध वजा केल्यावर १३४ उरतात. वेग वाढू द्यायचा नसेल तर एवढे बळ ब्रेकने लावायचे. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, गुणाकार ११०० वॅट. बादलीत सोडायचा पाण्याचा हीटर हजार वॅटचा असतो. तो हीटर पेटवून चाकाच्या बंद डब्यात ठेवावा, तसे आम्ही करत होतो. ड्रम आणि त्याच्याबरोबर तापणारा धातू दोन किलो धरला, तर सेकंदाला अंशभराहून जास्त, मिनिटाला साठ-पासष्ट अंश. थोडी उष्णता हवेत जाते खरी, पण लांब उतारावर येणारी जास्त आणि जाणारी कमी. ड्रम तापून फुगतो, ब्रेकच्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरमधला राळेसारखा बांधणारा पदार्थ करपू लागतो आणि त्याचे घर्षणच कमी होते. वास येतो तो याचा.

डिस्क ब्रेक असेल तर हवा लागून तो लवकर निवतो, पण तिथे दुसरी अडचण आहे. त्यातले तेल हवेतली वाफ शोषते. नवे डॉट ४ प्रतीचे ब्रेक-तेल २३० अंशांच्या वर उकळते, ओलावा शिरलेले १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की दाब पुढे जात नाही, नुसते बुडबुडे दबतात.

बारा टनांच्या बसचा हिशेब याच रीतीने करून पाहावा. त्याच उतारावर, त्याच वेगाला उत्तर ६५ किलोवॅटच्या घरात जाते, म्हणजे ६५ हीटर. याच आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी सहलीची बस दरीत कोसळून ३३ जण गेले. त्या अपघाताच्या कारणांत मी शिरत नाही. पण घाट उतरणारी बस कोणत्या ऊर्जेला तोलून धरत असते, हे त्या आकड्यावरून कळते. एस.टी.चे जुने चालक म्हणतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा. घाटाला सहा-सात टक्क्यांची मर्यादा का, याचे दुसरे कारणही हेच. चढणाऱ्या बैलापेक्षा उतरणाऱ्या गाडीची काळजी मोठी.

इंजिन उलटे वापरणे

गिअर टाकून, रेस बंद ठेवून उतरलो की काय होते? चाक आता इंजिनला फिरवते. इंजिनचा हवेचा दरवाजा जवळजवळ बंद, तरी पिस्टन हवा ओढायला बघतो, आणि त्याला पोकळीविरुद्ध काम करावे लागते. इंजेक्शनच्या सिरिंजचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढून पाहा, तसे. त्यात पिस्टन, कड्या, दातेरी चाके यांचे घर्षण. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये शंभर सीसीचे इंजिन असे फिरवायला काहीशे ते हजार वॅट लागतात. आपल्याला नेमके तेवढेच खर्चायचे होते! ही उष्णता जाते इंजिनात, आणि इंजिन तर उष्णता टाकण्यासाठीच पापुद्र्यांसारख्या पट्ट्या लावून बनवलेले असते. ब्रेकचा डबा त्या कामाचा नाही. तो थोड्या वेळापुरता आहे.

राहिली पेट्रोलची बचत. नव्या, फवारणीच्या इंजिनात रेस बंद असताना चाक इंजिनला फिरवत असेल तर यंत्रणा पेट्रोल तोडूनच टाकते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते, म्हणून ते पेट्रोल पिते. बचतीसाठी न्यूट्रल करणारा उलट जास्त जाळतो. कार्बुरेटरच्या गाडीत वाचलेच तर एका घाटात थोडे. मोटार किंवा जीप असेल आणि इंजिनच बंद केले, तर ब्रेकला मदत करणारी पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. आणि किल्ली फिरवताना स्टिअरिंगच अडकले तर बोलायलाच नको.

मग ही सवय आली कुठून? जुनी माणसे अडाणी होती, असे म्हणून मोकळे होऊ नये. आमच्या वडिलांच्या पिढीच्या गाड्या, राजदूत, येझदी, दोन स्ट्रोकच्या होत्या. त्यांत इंजिनला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचे. रेस बंद करून लांब उतार गिअरमध्ये उतरलो, तर इंजिन जोरात फिरते पण पेट्रोल जवळजवळ येत नाही, म्हणजे तेलही येत नाही, आणि पिस्टन धरण्याची भीती. म्हणून ते क्लच दाबत, मध्येच रेस देत, किंवा गाडी मोकळी सोडत. त्यांचे यंत्र पाहता सावधगिरी बरोबर होती. यंत्र बदलले, सवय राहिली. मला ती वारशाने मिळाली, कारणाशिवाय.

बाटली

उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेक फक्त वळणाआधी. ड्रमला मधूनमधून दुरून हात दाखवत होतो, तो कोमटच राहिला.

चौथ्या दिवशी महाडवरून वरंध घाट चढलो. हा भाग कोरड्या दिवसांतच जाण्याजोगा. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या माळशिरस तालुक्यात सबंध वर्षात सरासरीने एवढा पडत नाही. तेच ढग घाटमाथा चढताना रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसती सावली येते. माथ्यापलीकडे नीरा देवघर धरणाच्या कडेने रस्ता भोरला उतरतो. हीच नीरा पुढे वीर धरणात अडते आणि उजव्या कालव्याने फलटण, माळशिरसच्या रानांत पोहोचते. कालव्याच्या अभियंत्याचा हिशेब घाटाच्या अगदी उलट असतो. त्याला उंची गमवायचीच नसते. एवढ्या मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे वीत-दीड वीत उतार पुरतो, म्हणून तो डोंगराचे प्रत्येक कंगोरे धरून वळत जातो. घाटरस्ता वळतो तो चढ कमी करण्यासाठी, कालवा वळतो तो पातळी राखण्यासाठी.

एक प्रयोग आम्ही ठरवून केला होता, तो सांगायचा राहिला. महाबळेश्वरात सकाळी सरबताच्या ७०० मिलिलिटरच्या दोन काचेच्या रिकाम्या बाटल्या घट्ट बूच लावून बंद केल्या, आणि पाण्याची एक पातळ प्लास्टिकची बाटलीही. गटारीत जाऊनही सदऱ्यांत गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या शाबूत राहिल्या. पोलादपूरला पोहोचेपर्यंत प्लास्टिकची बाटली आत चेपली होती, कुणी मुठीत दाबावी तशी. काचेची एक बाटली पोलादपूरला बादलीतल्या पाण्यात उलटी बुडवून उघडली. पाणी भसकन आत शिरले, मोजले तर ८० मिलिलिटरच्या आसपास. वरची विरळ हवा खालच्या दाबाखाली आकसली होती. नुसत्या दाबाच्या हिशेबाने शंभर यायला हवे होते, पण खाली हवा दहा अंशांनी गरम, म्हणून थोडी फुगली. बॉइलबरोबर चार्ल्सचा नियमही धरावा लागतो, हे मुलांना अशा वेळी नीट कळते.

दुसरी बाटली नातेपुत्याला आणली आणि सुटीनंतर दहावीच्या वर्गात उघडली. पाणी आत आले ५० मिलिलिटरच्या आतबाहेर. मुलांनी दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले. पोलादपूर ८०, नातेपुते ५०. कारण काय? कुणी म्हणाले बूच सैल असेल, कुणी म्हणाले बाटली चार दिवसांत गळली असेल. दोन्ही शंका रास्त होत्या, म्हणून पुढच्या महिन्यात एकजण पुण्याला जाणार होता त्याच्याबरोबर नव्या बाटल्या द्यायचे ठरले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी नकाशाच्या पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, “सर, आपण पाचशे मीटरच्या वर आहोत. म्हणजे आपलं गाव अजून अर्ध्या घाटातच आहे.”